तीन विहिरींचं एकच पाणी

ठेकेदाराचं अंदाजपत्रक कापण्यात माझा हात धरणारं आमच्या कार्यालयात कुणी नव्हतं. हे मी तेव्हाही सांगत होते, आजही सांगते. नव्वदच्या दशकात मी प्रदूषणावर देखरेख ठेवणाऱ्या एका सरकारी कार्यालयात अधिकारी होते. नेमणूक बारामतीला, वरिष्ठ पुण्याला, आणि हिंडणं बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत. कुणी कुठं काय सोडलंय, कुणाच्या शेतात काय झिरपतंय ते पाहायचं, पाण्याचे नमुने घ्यायचे, आणि कुठला घातक कचरा सरकारी खर्चानं उपसायचा असेल तर तो खर्च वाजवी आहे का, यावर टिपण लिहायचं.

हे शेवटचं काम मला मनापासून आवडायचं. ठेकेदार एवढे एवढे ट्रक माती निघेल म्हणाला की मी निऱ्या खोचून, टेप घेऊन स्वतः खड्ड्यात उतरायची आणि निम्मे ट्रक कागदावरून उडवून द्यायची. काठावर उभी असलेली माणसं हसायची. हसू देत. सरकारचा पैसा वाचला की मला त्या रात्री झोप छान लागायची.

इंदापूर तालुक्यातल्या एका माळावर, वस्तीच्या वरच्या अंगाला, कापडाच्या रंगासाठी लागणारी रसायनं बनवणारा एक लहानसा कारखाना होता. चार-पाच वर्षं चालला आणि मालक कुलूप घालून गेला तो गेलाच. कारखान्याच्या मागं दगडाची एक जुनी खाण होती. जाताना त्यानं काय केलं, तर सगळी पिंपं आणि चिखलासारखा काळापिवळा गाळ त्या खाणीत लोटून दिला. कायद्यानं खर्च मालकाचा. पण मालक सापडेना, म्हणून आधी सरकारनं खर्च करायचा आणि मग तो त्याच्याकडून वसूल करत बसायचं, असं ठरलं.

आता करायचं काय, यासाठी पुण्याला एक समिती नेमली होती. तिच्यापुढं दोन वाटा होत्या. एक ठेकेदाराची. सगळा गाळ उपसायचा, खाणीच्या कडा खरवडायच्या, आसपासच्या शेतांतली माती पुरुषभर खोल काढायची आणि ते सगळं लांब नेऊन पक्क्या खड्ड्यात पुरायचं. तिचा आकडा बघून आमच्या हिशेबाधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला होता. दुसरी वाट स्वस्त. गाळ आहे तिथंच ठेवायचा, वर चिकणमातीचा थर द्यायचा, दगड बसवायचे, भोवती कुंपण घालायचं, फाईल बंद.

यातली कुठली वाट धरायची हे एकाच प्रश्नावर अवलंबून होतं. विष खाणीतच राहिलंय की विहिरींपर्यंत पोचलंय? खाणीतच असेल तर झाकायचं. विहिरींत उतरलं असेल तर उपसायचं. आणि एकदा झाकलं की झाकलं. दगड बसवलेली खाण पुन्हा उघडायला सरकार दुसऱ्यांदा पैसे देत नसतं. खाणीच्या खालच्या अंगाला तीन भाऊबंदांची घरं होती आणि त्यांच्या तीन विहिरी. त्या तीन विहिरींचं पाणी काय सांगतंय ते पाहून मी टिपण लिहायचं होतं.

माझं मत आधीच झालेलं होतं, हे कबूल करते. ठेकेदार सफारी घालून यायचा आणि आकड्यावर बोट ठेवलं की म्हणायचा, "मॅडम, जनतेच्या आरोग्याचा प्रश्न आहे." हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं, की तो जे म्हणेल त्याच्या उलट खरं असणार अशी माझी खात्रीच झाली होती.

मी नमुने घ्यायला गेले तेव्हा ऊसतोड संपत आली होती. जीप वस्तीवर थांबली आणि सगळ्यात थोरल्या घरातून आबा बाहेर आले. सत्तरीचा माणूस, ताठ, डोक्याला पटका. यांच्या वडिलांच्या काळापर्यंत घर मेंढरांवर चालायचं. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, दोन म्हशी आल्या, आणि मेंढरं पाच-सात उरली. आबांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "बाई, म्हायेर कुठलं म्हनायचं?"

"वडगाव निंबाळकर."

"आरं तिच्या! माझी थोरली भन वडगावातच दिलीया. म्हंजी तुमी आमची लेकच की वो."

झालं. त्या क्षणापासून मी सरकार उरले नाही. मी पिशवीतून बाटल्या काढल्या आणि विहिरीकडं निघाले, तर आबा वाटेत उभे. "म्हायेरवाशिनीनं पानी शेंदायचं न्हाय आमच्यात. घरात सुना हायत्या तीन. त्या आनत्याल भरून. तुमी टेका."

मी नियम सांगून पाहिला. नमुना मी स्वतः घ्यायचा असतो, म्हणाले. आबा म्हणाले, पायऱ्या ढासळल्यात, लेक पडली तर वडगावला काय तोंड दाखवू? यावर माझ्याकडं नियम नव्हता. खरं कारण मात्र वेगळंच होतं. दोन तालुक्यांत मला सगळे 'जीपवाली बाई' म्हणायचे. मी आले की माणसं एकमेकांकडं बघायची, कारखानदार घाबरायचे, शेतकरी आणखी एक कटकट आली म्हणायचे. लेक कुणी म्हटलं नव्हतं. मला ते फार आवडलं.

मी तिन्ही सुनांना बोलावून नीट समजावलं. ही बाटली आबांच्या विहिरीची, ही मधल्या घराची, ही ओढ्याकाठच्या घराची. आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, मग काठोकाठ भरायची, आत हवा राहता कामा नये. तिघींनी माना डोलावल्या. आबांची सून त्यातली थोरली. पंचविशीची असेल, चौथीपर्यंत शिकलेली. तिनं तर मला सगळं उलट म्हणून दाखवलं. मी खूश झाले. बाटल्या पदराखाली धरून तिघी गेल्या आणि मी घोंगडीवर बसले. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, म्हशीचं कवडीदार दही.

आबा बोलत होते. "बाई, ह्या खानीचं आमाला मेंढरांनी पैलं सांगितलं बगा. दोन सालं झाली, वड्याचं पानी तोंडाला लावंनात. वरच्या अंगाला न्ह्यावं लागतंय."

मी हसून म्हणाले, "आबा, मेंढरांची सही अहवालावर चालत नाही."

तेही हसले. आज ते वाक्य आठवलं की मला माझाच राग येतो. समोर बसून माणूस उत्तर देत होता आणि मी विनोद करत होते.

सुनांना यायला बराच वेळ लागला. पण विहिरी लांब लांब होत्या, आणि मला दुसरी भाकरी वाढली होती. आल्या तेव्हा तिघींच्या कपाळावर घाम होता आणि बाटल्या स्वच्छ, आरपार. मी चिठ्ठ्या तपासल्या, बर्फाच्या पेटीत बाटल्या ठेवल्या आणि छापील फॉर्म काढला. त्यावर सगळ्यात शेवटी एक ओळ असते: 'नमुना माझ्या समक्ष घेतला.' त्या ओळीखाली मी तीनदा सही केली. हात जरासुद्धा अडखळला नाही.

प्रयोगशाळेचा निकाल आला तो माझ्या मनासारखा. तिन्ही पाणी निर्दोष. मी दोन दिवस हवेत होते. पाच पानांचं खणखणीत टिपण लिहिलं. विष खाणीबाहेर गेलेलं नाही, ठेकेदाराची योजना अनावश्यक आहे, खाण जागेवरच झाकावी. 'अनावश्यक' या शब्दाखाली रेघ मारली. समितीची बैठक आठवड्यावर आली होती, म्हणून टिपण लगेच टंकलेखकाकडं दिलं.

आमचा टंकलेखक हा अतिशय शांत माणूस. त्यानं संध्याकाळी कागद आणून ठेवले. मी तक्ता बघितला आणि भडकले. पहिल्या विहिरीसमोर आकडे होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या विहिरीसमोर प्रत्येक रकान्यात त्यानं टंकलं होतं, 'वरीलप्रमाणे'.

"ही काय पद्धत झाली?" मी म्हणाले. "पुण्याला जाणारा कागद आहे हा. चार आकडे टंकायचा कंटाळा येतो तुम्हाला? उद्या माझ्या सहीऐवजी पण वरीलप्रमाणे लिहाल."

त्यानं प्रयोगशाळेचा मूळ कागद आणून माझ्यापुढं ठेवला आणि बोट फिरवून दाखवलं. आकडे तेच होते. क्षार तेवढेच, जडपणा तेवढाच, सगळं तेवढंच. इकडचा कण तिकडं नाही.

"मला वाटलं विहीर एकच आहे, मॅडम," तो म्हणाला.

मी खुर्चीत बसून राहिले. आमच्या भागात एका बांधाच्या दोन बाजूंच्या विहिरींचं पाणी सारखं नसतं. एकीच्या पाण्यात डाळ शिजते, दुसरीच्या पाण्यात दोन तास रटरटूनही टणक राहते. वडगावला माझी आई वरणाचा एक घास खाऊन सांगायची, आज पाणी कुठल्या विहिरीचं आणलं ते. आबांची विहीर कातळातली, मधली काळ्या मातीतली, तिसरी ओढ्याच्या वाळूतली. या तिघींचं पाणी एकसारखं? पदवी घेतलेली मी, आणि तो कागद चार दिवस माझ्या टेबलावर होता. मला हवं ते उत्तर त्यात होतं, म्हणून मी पुढचं वाचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप घेतली नाही. जीप आली की पाहुणचार आला. बारामतीच्या स्टँडवरून इंदापूरची एसटी धरली, फाट्यावर उतरले आणि वस्तीपर्यंत चालत गेले. आबा बाजाराला गेले होते. थोरली सून गोठ्यात शेण भरत होती. मला बघून हात धुवायला धावली.

मी तिला बसवलं आणि विचारलं, "वहिनी, त्या दिवशी बाटल्या कुठल्या विहिरीवर भरल्या?"

"चारीजवळच्या," ती लगेच म्हणाली. म्हणजे पाटाच्या पोटकालव्याजवळची, या तिघींहून वेगळी, चौथी विहीर. लपवायचं काही असतं हे तिच्या गावीही नव्हतं. "तितं पानी ग्वाड हाय. प्यायला आमी तितूनच आनतो. लई लांब हाय, म्हनून येळ झाला."

"तिघींनी?"

"व्हय, संगंच गेलो. तीनदा इसळल्या, काठोकाठ भरल्या. तुमी सांगितलं तसंच."

मी सांगितलेलं सगळं तिनं केलं होतं. फक्त विहीर सोडून.

"अहो, पण मी घरच्या विहिरीचं मागितलं होतं!"

"घरच्या हिरीचं कडू लागतंय, बाई. ते पावन्याला देत न्हाईत. आन् ह्ये तर पुण्याला मोठ्या सायबास्नी दावायचं. सरकारला कडू पानी कसं द्यायचं?"

माझा पारा चढला. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. अडाणीपणा हा शब्द त्यात होता, तेवढा मला आठवतो. ती मान खाली घालून ऐकत होती. मग तिनं हळूच विचारलं, "काय चुकलं ते तरी सांगा की."

मी सांगितलं. त्या पाण्यावरून सरकार ठरवणार होतं, खाण उपसायची की झाकायची. पाणी चांगलं निघालं, म्हणून मी लिहिलं झाका. झाकली की ती कायमची झाकली. मग खाणीतलं जे काही तुमच्या विहिरीत उतरतंय ते तुमची नातवंडं होईपर्यंत उतरत राहणार.

ती तिथंच, गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "आमची म्हस दोनदा गाभडली, रेडकू पोटातच गेलं. आमी म्हनलं, नजर लागली." आणि मग, "आता बदलता येतंय का?"

"येतं," मी म्हणाले. "मी बदलते."

हे मी इतक्या ठामपणे म्हणाले, की तिला बरं वाटलं असावं. बदलायचं म्हणजे काय करायचं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण राग मात्र जागा बदलून माझ्यावर आला होता. तिनं कुणाची फसवणूक केली नव्हती. घरातलं सगळ्यात चांगलं जे होतं ते डोक्यावरच्या उन्हात चालत जाऊन आणलं होतं आणि सरकारला दिलं होतं. 'समक्ष' या शब्दाखाली सही तिनं केली नव्हती. त्या वेळी मी दही खात होते.

आम्ही दोघी विहिरीवर गेलो. पायऱ्या खरंच ढासळलेल्या होत्या. मी निऱ्या खोचल्या, बाटलीला दगड बांधला आणि दोरानं खाली सोडली. पोहऱ्याचा दोर खालून दोन हात पिवळा पडला होता. मुरमाचा रंग असेल, असं त्यांना वाटत होतं. बाटली वर आली आणि मी ती उन्हात धरली. फिकट पिवळं पाणी, आणि त्याला औषधाच्या दुकानासारखा वास. मग मधल्या विहिरीवर गेलो, मग ओढ्याकाठच्या. तिन्ही बाटल्या मी स्वतः भरल्या आणि मांडीवर घेऊन एसटीनं पुण्याला नेल्या.

आकडे आले. या वेळी तीन विहिरींचे तीन वेगळे. आबांची सगळ्यात वाईट, मधली बरीचशी वाईट, ओढ्याकाठची नुकती बाटलेली. विष ओढ्याच्या अंगानं खाली चाललं होतं.

बैठकीच्या आधी मी अध्यक्षसाहेबांना त्यांच्या खोलीत भेटले. साहेब वाईट माणूस नव्हते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "याला पूरक अहवाल म्हणा. उन्हाळा लागला, पाणी खाली गेलं, आकडे बदलले. हंगामी फरक. पहिल्याबद्दल बोलायची गरजच काय?"

खोटं बोलणार नाही, मी दाराच्या मुठीवर हात ठेवून क्षणभर विचार केला. हंगामी फरक. किती गोंडस शब्द. पण मग हिशेबाधिकारी म्हणाले असते, पुढच्या हंगामात पाणी पुन्हा चांगलं होईल, तेव्हा झाकूनच टाका. आणि त्यांचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. उपसायला पैसे मागायचे तर पहिलं पाणी खोटं होतं हे सांगणं भाग होतं. आणि ते का खोटं होतं, तेही.

मी समितीपुढं उभी राहिले आणि म्हणाले, "पहिले नमुने माझ्या समक्ष घेतलेले नाहीत. फॉर्मवरची माझी सही चुकीची आहे."

हिशेबाधिकाऱ्यांनी विचारलं, "मग दुसरे खरे कशावरून?"

हा प्रश्न मला झोंबला, पण तो त्यांनी विचारायलाच हवा होता. अशा प्रश्नांसाठीच तर समिती असते. माझ्या शब्दावर कुणी एवढा पैसा का सोडावा? मी म्हणाले, "मानू नका. या आणि स्वतः भरा."

चार दिवसांनी दोन जीप वस्तीवर आल्या. आबांनी अंगण सारवून घेतलं होतं, घोंगड्या अंथरल्या होत्या, सुना तांब्या-भांडी घेऊन उभ्या. सगळ्यांना चारीजवळच्या विहिरीचं गोड पाणी मिळालं. हिशेबाधिकारी दोन भांडी प्यायले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "पाणी तर उत्तम आहे."

"ते पाहुण्यांचं आहे," मी म्हणाले.

साहेब घोंगडीवर टेकणार एवढ्यात आबा म्हणाले, "बसा सायेब, पोरी आनत्याल भरून."

"नाही, आबा," मी म्हणाले. "आज कुणी बसायचं नाही. साहेब, विहिरीवर चला."

आबांना ते अजिबात आवडलं नाही. पाहुण्याला दारात उभं ठेवून विहिरीवर हाकलणं, आणि तेही त्यांच्याच लेकीनं. पण थोरली सून पुढं झाली आणि वाट दाखवत निघाली. साहेबांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या, विहिरीच्या काठाशी गुडघे टेकले आणि बाटली स्वतःच्या हातानं सोडली. वर काढली. हिशेबाधिकाऱ्यांनी बाटली नाकाशी नेली आणि दोन पावलं मागं सरकले. ते मागं सरकले तिथंच खाणीचा निर्णय झाला. बाकीचं सगळं कागदावर झालं.

तरी ठेकेदाराला मी पूर्ण जिंकू दिलं नाही. शेतांमध्ये ठिकठिकाणी खड्डे घेऊन मी माती तपासली होती. शेतं स्वच्छ होती. त्याच्या योजनेप्रमाणे पुरुषभर माती काढली असती तर आबांच्या उसाच्या जागी मुरूम उरला असता. समितीनं खाण आणि ओढ्याकडचा पट्टा उपसायला मंजुरी दिली आणि शेतांना हात लावायचा नाही असं लिहिलं. तो आकडा निम्म्याच्या आसपास आला. माझा कापण्याचा लौकिक राहिला. सोबत एक ठपकाही मिळाला, खोट्या प्रमाणीकरणाबद्दल, सेवापुस्तकात. त्यापायी बढती दोन वर्षं लांबली. तो ठपका योग्य होता. मी समितीत असते तर मीही दिला असता.

खाण उपसली. खालच्या पिंपांना इतकी भोकं पडली होती की उचलताना मशीनच्या दातांत त्यांचा चुरा होत होता. झाकली असती तर वर दगड आणि खाली चाळण. तिन्ही विहिरींवर लोखंडी जाळ्या बसल्या आणि कुलपं लागली. हुकूम असा होता, की सलग सहा महिने पाणी चांगलं येईपर्यंत कुलूप काढायचं नाही, म्हशीसाठी नाही आणि उसासाठीही नाही. वापराला टँकर, पिण्याला चारीजवळचीच विहीर. दर महिन्याला मी नमुना घ्यायला जायची. जाळीला एक लहान दार ठेवलं होतं, त्यातून बाटली सोडायची. दुसऱ्याच महिन्यात थोरली सून म्हणाली, "मला सोडू द्या." तेव्हापासून बाटली ती सोडायची आणि मी शेजारी उभी राहून बघायची. एका वेळी एक विहीर. नीट, डोळे लावून.

दुसरा उन्हाळा कठीण गेला. पाटाची पाळी लांबली आणि आबांचा ऊस वाळायला लागला. जाळीखाली विहिरीत, तळाला गेलेलं का होईना, पाणी दिसत होतं. पाच महिने नमुने चांगले आले होते, आणि सहावा मी घ्यायला गेले; तो चांगला आला की कुलूप निघणार होतं. प्रयोगशाळेत पाठवायच्या आधीच ते पाणी कसं आहे हे कळायचं, वासावरून. त्या दिवशी आबा विहिरीवर आधीच येऊन थांबले होते. त्यांनी मला नमस्कार केला, पण बोलले सुनेशी.

"चारीजवळची हीर काय लांब न्हाय," ते म्हणाले. एवढंच. माझ्यादेखत. त्यांनी काय सुचवलं हे आम्हा तिघांनाही कळलं. त्यांच्या डोळ्यांसमोर तीन एकर ऊस जळत होता.

सुनेनं वाकून जाळीचं दार उघडलं, बाटली सोडली, तीनदा विसळली, काठोकाठ भरली आणि वर काढली. आधी स्वतःच्या नाकाशी नेली. मग सासऱ्यांपुढं धरली. आबांनी वास घेतला आणि मान फिरवली.

"परत कडू झालंय, बाई," ती मला म्हणाली. "कडूच लिवा."

सासऱ्याच्या तोंडावर, चढ्या आवाजात बोललेली ती मी पहिल्यांदाच ऐकली. फॉर्मवर मी सही केली, शेजारी तिची घेतली. आबा तोवर बांधाकडं निघून गेले होते. विहीर आणखी अकरा महिने बंद राहिली, आणि त्या वर्षी त्यांचा ऊस गेला.